घरच्या संगणकावर संगीताचा संग्रह : उभारणी आणि निगा



संगणक कक्षात दर सत्रात एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. “सर, पेन ड्राइव्हमध्ये हजार गाणी आहेत, पण हवे ते सापडत नाही.” पेन ड्राइव्ह लावून पाहावा तर आत ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०१ कॉपी’, ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’ अशी रांग दिसते. गाणी आहेत, संग्रह नाही.

या दोहोंतला फरक तुम्हाला सहज समजेल, कारण तुम्ही शस्त्रागार पाहिले आहे. आपण त्याला कोत म्हणतो. कोतमधल्या प्रत्येक रायफलीला क्रमांक असतो, तिची जागा ठरलेली असते आणि ती कोणाच्या हातात गेली याची नोंद रजिस्टरात असते. नोंद नसलेली रायफल समोर दिसत असली तरी हिशेबात ती नसतेच. संगीताच्या फायलींनाही हाच नियम लावा. ज्या ध्वनिफितीचे नाव, गाव आणि वर्ष कोणालाच माहीत नाही, ती असून नसल्यासारखी. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे की संग्रह फायलींनी होत नाही, नोंदींनी होतो. आणि नोंद करायची ती माहिती सांगणारा माणूस जवळ आहे तोवरच.

संग्रह हवाच कशाला?

“आता सगळे इंटरनेटवर मिळते, मग साठवायचे कशाला?” हा प्रश्न पालकही विचारतात. त्याला दोन उत्तरे आहेत.

पहिले असे की इंटरनेटवर पैसे भरून ऐकलेले गाणे भाड्याचे असते. वर्गणी थांबली की गाणे थांबते. कंपनीचा करार संपला तर काल ऐकलेले गाणे आज यादीत नसते. शिवाय फौजी कुटुंबाची बदली कुठे होईल आणि तिथे नेटवर्क कसे असेल हे कोणी सांगावे?

दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे. काही आवाज इंटरनेटवर नसतातच. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, आपल्या शाळेच्या बँडने स्थापनादिनाला वाजवलेली धून, वडिलांनी दूरच्या पोस्टिंगवरून पत्राऐवजी पाठवलेली कॅसेट. या गोष्टींची जगात एकच प्रत असते आणि ती तुमच्या घरी असते. ती गेली की परत मिळवायला दुकान नाही. म्हणून संग्रहाची सुरुवात चित्रपटगीतांपासून न करता अशा एकुलत्या एक प्रतींपासून करावी.

पहिली पायरी : गणती

संगणक सुरू करण्याआधी वही घ्या आणि घरात काय काय आहे ते मोजा. माझे वडील सिग्नल्समधून निवृत्त झाले. जोधपूर, जबलपूर, तेजपूर अशा बदल्यांतून त्यांच्याबरोबर फिरलेली काळी ट्रंक आम्ही उघडली तेव्हा तिच्यात ४३ कॅसेट आणि १९ सीडी निघाल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक घातला. वहीत चार रकाने आखले : क्रमांक, वरचे लेबल जसेच्या तसे, अवस्था आणि शेरा. लेबल चुकीचे वाटले तरी ते आधी आहे तसेच उतरवायचे, दुरुस्ती शेऱ्याच्या रकान्यात करायची.

कॅसेट हातात असतानाच आणखी एक काम उरका. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान प्लास्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर चुकूनही नवे ध्वनिमुद्रण होत नाही. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पण जुना आवाज पुसला जाण्याचा मोठा धोका त्याने टळतो.

आवाज संगणकात कसा राहतो?

इथे थोडे गणित करू. आवाज म्हणजे हवेतल्या दाबाची लाट. संगणक त्या लाटेची उंची ठरावीक अंतराने मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. सीडीच्या पद्धतीत दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप होते. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि एखादी लाट नीट पकडायला तिच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावे लागते. म्हणून हा आकडा ४०,००० च्या थोडा वर ठेवला आहे.

प्रत्येक मोजमापाला १६ बिट लागतात आणि स्टीरिओमुळे डावा व उजवा असे दोन प्रवाह असतात.

४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदाला.

८ ने भागले की १,७६,४०० बाइट. ६० ने गुणले की मिनिटाला सुमारे १०.६ एमबी आणि तासाला सुमारे ६३५ एमबी होतात. आमच्या ४३ कॅसेट प्रत्येकी ६० मिनिटांच्या धरल्या तर ४३ तास, म्हणजे साधारण २७ जीबी. आजच्या हार्ड डिस्कला हे ओझे काहीच नाही.

हे सगळे आकडे जसेच्या तसे ठेवणारी फाइल म्हणजे डब्ल्यूएव्ही. तीच माहिती एक आकडाही न गमावता घडी घालून ठेवणारी फाइल म्हणजे एफएलएसी, म्हणजेच फ्लॅक. ती बहुधा निम्म्याच्या आसपास जागा घेते आणि उघडली की मूळ आकडे तंतोतंत परत मिळतात. एमपी३ चे तत्त्व वेगळे आहे. कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग ती काढून टाकते आणि म्हणून पुष्कळ लहान होते. १९२ केबीपीएसची एमपी३ मिनिटाला केवळ १.४४ एमबी घेते. आमचे ४३ तास त्या हिशेबाने पावणेचार जीबीत मावतात.

मात्र काढून टाकलेला भाग परत येत नाही. एमपी३ ची पुन्हा डब्ल्यूएव्ही केली तर फाइल फुगते, आवाज सुधारत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढून मूळ कागदाची शाई परत येत नाही, तसेच हे. म्हणून नियम सोपा ठेवा. मूळ प्रत फ्लॅकमध्ये घरी ठेवा आणि फोनसाठी, गाडीसाठी लागेल तेव्हा तिच्यावरून एमपी३ काढा. उलट कधीही करू नका.

कॅसेट संगणकावर उतरवताना

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत : चालू स्थितीतला कॅसेट डेक, एक जोडवायर आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर. डेकच्या ‘लाइन आउट’मधून वायर संगणकाच्या ‘लाइन इन’मध्ये घालायची. बऱ्याच लॅपटॉपना फक्त माइकचे भोक असते. माइकसाठी केलेली जागा फार क्षीण आवाजासाठी असते, त्यामुळे तिथे डेक जोडला तर आवाज फाटतो. अशा वेळी यूएसबीला लागणारे छोटे साउंड कार्ड घ्यावे.

आता क्रम लक्षात ठेवा.

१. डेकचे हेड कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि वाळू द्या. जुन्या फितींची तपकिरी पूड हेडवर बसते आणि आवाज दबतो.

२. बरीच वर्षे न वाजलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्या. चिकटलेली फीत मोकळी होते आणि ताण सारखा होतो. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालूच नका. एका कॅसेटची बुरशी हेडवरून दुसरीला लागते. तिच्या साफसफाईसाठी जाणकाराकडे जा.

३. सर्वात मोठ्या आवाजाचा भाग शोधून पातळी ठरवा. ऑडॅसिटीतली पट्टी उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिली पाहिजे. आवाज कमी आला तर नंतर वाढवता येतो. शून्याला आपटून फाटला तर दुरुस्त होत नाही.

४. डेकची गती तपासा. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकायला हवी. डेकचा पट्टा सैल झाला की ती हळू चालते, गाणे लांबते आणि सूरही उतरतो. टेपवर बँडने पूर्ण वाजवलेले राष्ट्रगीत असेल तर घड्याळ लावून पाहा. त्याचा ठरलेला काळ सुमारे ५२ सेकंद आहे. ते ५७ सेकंदांत संपू लागले तर आधी डेककडे संशयाने पाहावे. घरात हार्मोनियम असेल तर सुरावरूनही पडताळा घेता येतो.

५. एक बाजू अखंड उतरवा. गाणी नंतर कापा. कापण्यापूर्वीची अखंड फाइल तशीच जपून ठेवा. खरखर काढायची असेल तर ती दुसऱ्या प्रतीवर काढा, कारण खरखरीबरोबर आवाजातला बारकावाही निघून जातो.

कॅसेट जितकी लांब तितकाच वेळ लागतो, त्याला आडवाट नाही. रोज एक बाजू म्हटली तरी ४३ कॅसेटना ८६ दिवस हवेत. म्हणून हे काम एका सुट्टीत संपवायचा हट्ट धरू नका. महत्त्वाच्या पाच कॅसेट आधी घ्या.

सीडीचे काम त्यामानाने झटपट होते, पण तिथेही फाइल नुसती ओढून आणू नये. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखे सॉफ्टवेअर ओरखडलेली जागा पुन्हा पुन्हा वाचते आणि कुठे चूक राहिली तेही सांगते.

फाइलीचे नाव

नाव ठेवण्याची पद्धत एकदाच ठरवा आणि मग ती मोडू नका. माझ्याकडे तीन मुख्य फोल्डर आहेत : ‘घर’, ‘शाळा’ आणि ‘विकत घेतलेले’. त्याखाली कलाकार किंवा प्रसंग, त्याखाली अल्बम किंवा तारीख. तीनपेक्षा जास्त पायऱ्या केल्या तर माणूस कंटाळतो आणि फायली पुन्हा ‘नवीन फोल्डर’मध्ये जाऊन पडतात.

क्रमांक नेहमी दोन अंकी लिहावा. उदाहरण घ्या ‘गीतरामायणा’चे. ग. दि. माडगूळकरांची गीते, सुधीर फडके यांचे संगीत, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारण आणि एकूण ५६ गीते. त्यांना १, २, ३ असे क्रमांक दिले तर गाडीतले बरेच प्लेअर १ नंतर १०, ११, १२ लावतात आणि २ चा क्रमांक फार उशिरा येतो. रामजन्माआधीच वनवास सुरू व्हायचा! ०१, ०२, ०३ असे लिहिले की कथा सरळ चालते.

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा : २०२४-०१-२६. म्हणजे संगणक आपोआप जुने आधी, नवे नंतर असे लावतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या २६ तारखा एकत्र येऊन बसतात. नावात प्रश्नचिन्ह, तिरपी रेघ, अपूर्णविराम ही चिन्हे नकोत. विंडोज ती स्वीकारत नाही.

लिपीचे काय? देवनागरी आता युनिकोडमुळे संगणकावर अडत नाही. पण काही जुन्या गाड्यांतले प्लेअर देवनागरीऐवजी नुसते चौकोन दाखवतात. त्यामुळे मी फाइलीचे नाव रोमन लिपीत आणि आतली माहिती देवनागरीत ठेवतो. कोणतीही लिपी घ्या, पण लेखन एकच ठेवा. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे आपल्याला एकच गायक आहेत. संगणकाला ते तीन वेगळे गृहस्थ वाटतात.

टॅग : फाइलीच्या खिशातले ओळखपत्र

फाइलीचे नाव म्हणजे गणवेशावरची नावाची पट्टी. टॅग म्हणजे खिशातले ओळखपत्र. फाइल कुठेही गेली तरी ते तिच्यासोबत जाते.

ही गरज संगणकाने निर्माण केलेली नाही. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले. त्या काळी तबकड्या तयार व्हायला जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी जात. तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे म्हणून गायिका गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगत, असे म्हणतात. जेमतेम तीन मिनिटांची ती तबकडी, पण तिच्यातही नावासाठी जागा राखली गेली. शंभराहून अधिक वर्षांनी गाणे कोणाचे हा प्रश्न त्यामुळे पडत नाही.

आता आपल्या बँडचे उदाहरण घेऊ. समजा, शाळेच्या बँडने ‘ऐ मेरे वतन के लोगो’ वाजवले आणि तुम्ही ते फोनवर घेतले. टॅग कसा भराल?

शीर्षक : ऐ मेरे वतन के लोगो.
कलाकार : शाळेचा बँड. लता मंगेशकर नव्हे, कारण या फाइलीत त्यांचा आवाज नाही.
संगीतकार : सी. रामचंद्र.
अल्बम : स्थापनादिन संचलन.
वर्ष : वादनाचे वर्ष. १९६३ नव्हे.
शेरा : मूळ गीत कवी प्रदीप यांचे. १९६२ च्या युद्धातील शहिदांच्या स्मरणार्थ लता मंगेशकर यांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत प्रथम गायले.

या सहा ओळींत गाण्याचा इतिहास आला आणि तुमच्या बँडचाही आला. ‘कदम कदम बढाये जा’ या धूनेच्या पुढे अनेक ठिकाणी ‘पारंपरिक’ असे लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात ती चाल आझाद हिंद सेनेतले कॅप्टन राम सिंह ठाकुरी यांनी बांधली. संगीतकाराचा रकाना रिकामा सोडला की असे लोक विसरले जातात.

‘अल्बम कलाकार’ हा रकाना पुष्कळजण सोडून देतात. दहा गायकांची दहा गाणी एका अल्बमात असतील तर हा रकाना नसल्याने एकाच अल्बमाचे दहा तुकडे होतात. तिथे ‘विविध कलाकार’ लिहावे. शास्त्रीय संगीतासाठी राग आणि ताल शेऱ्यात लिहा, म्हणजे ‘यमन’ शोधले की घरातले सगळे यमन एकत्र दिसतील. एमपी३टॅग या मोफत सॉफ्टवेअरने एका वेळी पन्नास फायलींचे टॅग भरता येतात. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध अल्बम ओळखून माहिती आपोआप भरते, पण ती एकदा नजरेखालून घालावी.

जी माहिती सॉफ्टवेअरकडे नसते

घरगुती ध्वनिमुद्रण कोणतेही सॉफ्टवेअर ओळखणार नाही. तिथे माणूसच लागतो.

आमच्या ट्रंकेतल्या १८ क्रमांकाच्या कॅसेटवर ‘हिंदी गाणी’ इतकेच लिहिले होते. दुसऱ्या बाजूची गाणी संपली, मग काही मिनिटे नुसती सरसर. मी बाजू शेवटपर्यंत चालू ठेवतो, म्हणून ती चालूच होती. मग एकदम बॅरेकमधली गडबड, हसण्याचे आवाज, मादलचा ठेका आणि एका तरुणाने गायलेले नेपाळी गीत. चार मिनिटे. मला त्यातले काहीच ओळखू आले नाही.

वडील शेजारच्या खोलीत होते. ते उठून आले, खुर्चीवर बसले आणि पुन्हा लाव म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी गाणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि गाव सांगितले. १९८४ चा हिवाळा, तेजपूर. गाणारा लान्स नायक कर्सियांगकडचा होता आणि पुढे दोन वर्षांत एका अपघातात गेला. मी ते सगळे शेऱ्यात लिहिले. शेवटी लिहिले, ‘माहिती वडिलांनी ऐकून सांगितली’ आणि त्या दिवसाची तारीख. नाव इथे छापत नाही, कारण ती त्या घरची ठेव आहे.

वडिलांच्या जुन्या सोबत्यांकडून त्या घरचा पत्ता मिळाला. फाइलीची एक प्रत पाठवली. मुलाचे उत्तर आले. वडील गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. घरी त्यांचे फोटो होते, आवाज नव्हता.

माझे वडील आता ७८ वर्षांचे आहेत. चेहरे त्यांना आठवतात, नावे मात्र सापडायला वेळ लागतो. ती कॅसेट आणखी पाच वर्षांनी वाजली असती तर चार मिनिटांच्या त्या फाइलीवर ‘अज्ञात’ असे लिहावे लागले असते. आवाज तोच राहिला असता, फक्त तो कोणाच्याच घरी पोहोचला नसता.

म्हणून पालकांना आणि कॅडेटना माझे सांगणे आहे की सॉफ्टवेअर नंतर शिका, विचारून आधी घ्या. आजी-आजोबांजवळ बसा, टेप लावा आणि चार प्रश्न विचारा : कोण, कुठे, कधी, अजून कोण होते? खात्री नसेल तिथे ‘अंदाजे’ लिहा. काहीच कळले नाही तर रकाना रिकामा ठेवा. चुकीच्या नावापेक्षा रिकामा रकाना बरा, कारण रिकामा रकाना पुढच्या माणसाला विचारायला भाग पाडतो.

राखीव प्रत

हार्ड डिस्क बंद पडते. कधी पडेल एवढाच प्रश्न असतो. त्यासाठी ३-२-१ हा नियम पाळतात : एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली १ घराबाहेर. एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी मामाच्या किंवा आत्याच्या घरी किंवा क्लाउडवर. बदलीच्या वेळी संगणक आणि बाहेरची हार्ड डिस्क एकाच खोक्यात भरू नका. खोके हरवले तर दोन्ही जातात.

क्लाउडशी आपोआप जुळवून ठेवलेले फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे. घरी फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. आणि राखीव प्रत अधूनमधून वाजवून पाहावी. महिन्यातून एकदा कोणत्याही तीन फायली उघडा आणि ऐका. न तपासलेली राखीव प्रत म्हणजे न तपासलेले पॅराशूट.

काम झाले म्हणून मूळ कॅसेट फेकू नका. त्या उभ्या, कोरड्या जागी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

दोन गोष्टींचे भान

पहिली कायद्याची. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. गीत आणि संगीत यांचा हक्क कर्त्याच्या निधनानंतरही ६० वर्षे असतो. विकत घेतलेली सीडी घरी ऐकण्यासाठी संगणकावर ठेवणे वेगळे आणि तिच्या प्रती वर्गभर वाटणे वेगळे. फुकट गाणी देणाऱ्या संशयास्पद ठिकाणांहून गाण्याबरोबर व्हायरसही येतो.

दुसरी आपल्या घरांपुरती. जुन्या घरगुती कॅसेटमध्ये तुकडीचे नाव, ठिकाण, हालचाल यांचा उल्लेख असू शकतो. अशी फाइल क्लाउडवर किंवा कोणत्याही गटात टाकण्यापूर्वी पूर्ण ऐका आणि घरातल्या मोठ्यांना विचारा. शंका असेल तर ती घरच्या डिस्कवरच राहू द्या.

सुट्टीतला अभ्यास

१. घरातल्या कॅसेट, सीडी आणि फोनमधल्या ध्वनिफिती मोजा आणि चार रकान्यांची यादी करा.

२. तुमच्याकडे ९० मिनिटांच्या १२ कॅसेट आहेत. सीडीच्या दर्जाने उतरवल्या तर किती जीबी लागतील? १९२ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये किती?

३. घरातल्या सर्वात वयस्कर व्यक्तीचे दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा : गाणे, ओवी, आरती, पोवाडा, काहीही. आपल्या शाळेत निरनिराळ्या प्रांतांतली मुले आहेत, तेव्हा भाषा कोणतीही चालेल. टॅग पूर्ण भरा.

४. त्याच्या तीन प्रती करा आणि कुठे ठेवल्या ते वहीत लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पडताळून पाहा : सुमारे ११.४ जीबी आणि सुमारे १.६ जीबी. तिसऱ्याचे उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्या घरी आहे. सुट्टीनंतर वही घेऊन संगणक कक्षात या. कुठे अडलात ते एकत्र बसून पाहू.